घर पाहावे विकून

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. घर विकून पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर फारसा आला नसावा. नाहीतर या म्हणीस आणखी एक चरण जोडल्यावाचून ते राहिले नसते. आम्हांवर तो प्रसंग २०१८ साली आला. सावेडीतील राहत्या घराखेरीज दोन खोल्यांचे एक लहानसे घर आम्ही उमेदीच्या काळात घेऊन ठेवले होते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर दिसू लागला, तेव्हा ते विकावयाचे ठरविले.

पण काळ प्रतिकूल होता. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि ज्या व्यवहारांत काही रक्कम कागदावर व काही पिशवीत असे, ते एकाएकी थंडावले. पाठोपाठ २०१७ च्या मे महिन्यात स्थावर संपदेचा नवा कायदा व जुलैत वस्तू आणि सेवा कर आला. कायदा ग्राहकाच्या हिताचाच. परंतु एका इमारतीचे पैसे दुसरीत घालण्याची ज्यांस सवय, त्यांचे हात त्याने बांधले. आमच्या सकाळच्या फेरीच्या वाटेवर एक इमारत तिसऱ्या स्लॅबवर अडली होती. तिच्या भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप उगवले आणि दोन पावसाळ्यांत ते आमच्या उंचीचे झाले. आमचे घर पाहावयास येणारे लोक नळ सोडून पाहत, भाव पाडून मागत आणि पुन्हा दिसत नसत.

अखेर २०२० च्या फेब्रुवारीत आमच्या महाविद्यालयातील एक लेखनिक पत्नीसह आले. भिंगारला वर्षानुवर्षे भाड्याने राहणारी ही मंडळी. त्या बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून बाहेर पाहिले, आणि घर पसंत पडल्याचे आम्हांस न सांगता कळले. भाव तोंडी ठरला; विसार तेवढा द्यावयाचा राहिला. तोच मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सर्वच व्यवहार जागच्या जागी राहिले.

बाजार सावरत असल्याची पहिली खूण आम्हांस त्या पिंपळापाशीच दिसली. पावसाळा सरता सरता एके सकाळी तो तोडलेला होता आणि इमारतीभोवती परांची बांधली जात होती. गावी गेलेले गवंडी, बिगारी परतले होते. सरकारने १ सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरविले. पुढील मार्चअखेरपर्यंत ही सवलत दोन टक्क्यांची राहिली. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे महिन्यातच चार टक्क्यांवर आला होता. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखतासाठी आलेले लोक जिन्यापर्यंत उभे दिसू लागले. ज्या दलालाने दोन वर्षे आमचा दूरध्वनी उचलला नव्हता, तो आता दिवसाआड आपण होऊन बोलू लागला. “सर, थोडं थांबा,” तो म्हणे, “भाव चढतोय.”

आणि आम्ही थांबलो! दिवाळीनंतर लेखनिक विसाराचे पैसे घेऊन आले, तेव्हा आम्ही दोन लक्ष रुपये अधिक सांगितले. कागद झाला नव्हता, बाजार बदलला होता, मुलीचे शिक्षण होते. कारणे पुष्कळ होती आणि त्यांतले एकही खोटे नव्हते. गृहस्थांनी वाद घातला नाही. “बरं आहे सर,” एवढेच म्हणाले, आणि जाताना मुलीची प्रकृती विचारून गेले. त्या रात्री आमची सौ. आमच्याशी बोलली नाही. २०२१ च्या मार्चमध्ये, सवलतीचे थोडे दिवस उरले असता, पुण्याच्या एका गृहस्थांनी गुंतवणूक म्हणून ते घर घेतले.

लेखनिकांनीही पुढे केडगावच्या बाजूस घर घेतले, परंतु अधिक भावाने. २०२२ च्या मेपासून अवघ्या नऊ महिन्यांत रेपो दर साडेसहा टक्क्यांवर गेला आणि त्यांच्या कर्जाची मुदत निवृत्तीच्या पलीकडे पोहोचली. वास्तुशांतीस त्यांनी आम्हांस अगत्याने बोलाविले व पहिल्या पंगतीत बसविले. त्या पंगतीतील घास गिळणे आम्हांस किती जड गेले, ते आमचे आम्हांसच ठाऊक.

आता आमचे नगर कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे. २०२५ साली व्याजाचे दर पुन्हा उतरू लागले, तसा दलालांच्या बोलण्यास पुन्हा जोर चढला. घराची मागणी वाढली, की बाजार सावरला असे म्हणावयाचे, ही जगाची रीत. आम्हीही वर्गात तेच शिकवीत आलो. परंतु संध्याकाळच्या फेरीत आमची नजर त्या जुन्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेल्यावाचून राहत नाही. ज्यांनी ते घेतले त्यांस त्याची गरज नव्हती. ज्यांस गरज होती त्यांस आम्ही ते दिले नाही. आजूबाजूच्या खिडक्यांत दिवे लागतात, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. त्या खिडकीत मात्र अद्याप अंधारच असतो.