कमाल

देह तळहाताएवढा. लाकडाची नाहीतर शिंगाची चौकोनी पाटी, मधोमध भोक, त्यातून ओवलेली दोरी आणि दोरीला ठरावीक अंतरावर मारलेल्या गाठी. नाव कमाल. सागरी इतिहासकार म्हटलं की आपल्याला दफ्तरखान्यात रुमाल सोडून बसलेला विद्वान आठवतो. माझ्या लेखी मात्र पहिला मान या पाटीचा. हिने बंदरांची नोंद गाठींत राखली आणि ती नोंद शतकानुशतकं माणसांच्या जिवावर बेतेल अशा ठिकाणी खरी ठरली.

कमालचं वागणं अगदी शिस्तीचं. दिवसा तो फारसा कामाचा नाही. रात्री तांडेल किंवा मालिम, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, दोरीची एक गाठ दातांत धरतो, हात लांब करून दोरी ताणतो आणि एक डोळा मिटतो. पाटीची खालची कड क्षितिजाला टेकली आणि वरच्या कडेवर ध्रुवतारा बसला, की त्या गाठीचं बंदर आपल्या सरळ रेषेत आलं. ध्रुव जास्त वर दिसला तर आपण उत्तरेला सरकलो, पाटीमागे दडला तर दक्षिणेला. मग तारा त्याच उंचीवर राखत पूर्वेला जायचं, कधीतरी किनारा दिसणारच. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही अक्षांश सांगणारं याहून साधं साधन माझ्या पाहण्यात नाही.

नाशिकच्या गंगापूर रोडवर समुद्र नाही. तरीही कमालशी माझी ओळख इथेच पक्की झाली, कारण नाशिकचा अक्षांश जवळजवळ बरोबर २० अंश. इथून ध्रुव साधारण २० अंशांवर दिसतो. सुताराकडून १० सेंटिमीटर उंचीची पाटी कापून घेतली, तर आपल्या गावाची गाठ पाटीपासून साधारण साडेअठ्ठावीस सेंटिमीटरवर पडते. मुंबईची ३० वर, विजयदुर्गची साडेचौतीसच्या आसपास. गाठ जितकी पाटीजवळ, तितकं बंदर उत्तरेला. आणि आपल्या गाठीवर किनाऱ्यावरचं कोणतं गाव येतं? डहाणू. गंगापूर रोडवरून नाकासमोर पश्चिमेला निघालं, सह्याद्री उतरला, की समोर डहाणूचा किनारा. घरांच्या आणि डोंगरांच्या गर्दीत सरळ क्षितिज मिळत नाही म्हणून इथे माप थोडं चुकतं. डहाणूच्या वाळूवर उभं राहून तीच गाठ दातांत धरावी.

या दोन गावांचं नातं आकाशापुरतं नाही. पांडवलेण्यातल्या १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई, काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर लोकांना फुकट उतरून जाण्यासाठी नावा ठेवल्या, असं त्यात कोरलं आहे. दाहनुका म्हणजे आपली डहाणूची नदी. नाणंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडं त्याने दान दिली, आणि ज्यांना दिली त्यांत शूर्पारक म्हणजे सोपाऱ्याच्या बरोबरीने गोवर्धनचेही साधू आहेत. गंगापूर रोडने धरणाकडे जाताना लागतं ते गोवर्धन. नाशिकच्या डोंगरात समुद्राची नोंद आहे, ती आपण देवदर्शनाच्या घाईत वाचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कमालची कारकीर्द मोठी. १५०० साली काब्रालच्या पोर्तुगीज आरमारातला मेश्त्री जुआंव पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात ‘हिंदुस्थानच्या पाट्यां’चा उल्लेख करतो. वादळाने दमणच्या बाजूला फेकला गेलेला तुर्की दर्यासारंग सिदी अली रईस याने १५५४ मध्ये अहमदाबादेत बसून ‘मुहीत’ हा नौकानयनाचा ग्रंथ लिहिला. ताऱ्यांच्या या मापांचं शास्त्र त्यात सापडतं. त्यांचं एकक इसबा, म्हणजे बोटाची रुंदी, सुमारे १ अंश ३६ कला. त्या काळी ध्रुवतारा आकाशाच्या खऱ्या उत्तर बिंदूपासून साडेतीन अंशांच्या आसपास दूर फिरत होता. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. तेव्हा तारा फेऱ्यात कुठे असताना माप घ्यायचं, हे मालिमाला तोंडपाठ असावं लागे. पाटी निम्मंच ज्ञान सांभाळे, उरलेलं माणसाच्या डोक्यात असे.

पुढे आरशांची यंत्रं आली आणि कमाल मागे पडला. १८३६ मध्ये जेम्स प्रिन्सेपने कलकत्त्यात अरब नाविकांकडून समजून घेऊन त्याचं वर्णन छापलं. १८५० मध्ये काँग्रीव्हने मद्रासकडच्या नाविकांच्या पाटीची हकीगत लिहिली. तिच्या गाठी त्या किनाऱ्यावरच्या गावांच्या होत्या. आपल्याकडे हे काम मनापासून केलं ते मुंबई विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी. खलाशांच्या पोथ्या, लक्षद्वीपच्या मालिमांच्या रहमानी म्हणजे नौकानयनाच्या वह्या, ताऱ्यांची नावं, पाण्याचा रंग, वाऱ्याचे महिने, असं सगळं त्यांनी अभ्यासाच्या पातळीवर आणलं. भारतीय सागरी नौकानयनाच्या वारशावरचं त्यांचं पुस्तक २००२ मध्ये आलं. ते काढलं मेरिटाइम हिस्टरी सोसायटीने. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत ही संस्था उभी केली. आवटी निवृत्तीनंतर राहिले ते फलटणजवळच्या विंचुर्णीत, समुद्रापासून दूर माळावर. समुद्राचा अभ्यास किनाऱ्यावरच्यांनीच करावा असं काही नाही, हे त्यांच्याकडे पाहून पटतं.

दफ्तरातला कागद थांबतो, माणूस थांबत नाही. डहाणू, सातपाटी, हर्णै, मालवण इथे शिडाच्या होड्यांवर काम केलेली वडीलधारी माणसं आता थोडी उरली आहेत. सुट्टीत किनाऱ्यावर जाल तेव्हा जेवणाची चौकशी झाल्यावर एखाद्या आजोबांजवळ बसा. जीपीएस नव्हतं तेव्हा रात्री घर कसं शोधायचात, कोणता तारा कुठल्या महिन्यात धरायचात, त्याला तुमच्यात काय म्हणतात, हे विचारा. त्यांच्या परवानगीने त्यांच्याच बोलीत मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, गाव आणि तारीख लिहा, आणि ते जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे नेऊन द्या.