टायर फुटला की फोडला?

सातवीच्या वर्गात अकर्मक-सकर्मक क्रियापदे शिकवत होतो. फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. ‘मडके फुटले.’ ‘मुलाने मडके फोडले.’ पहिल्यात मडकेच कर्ता, फोडणारा कुठे दिसत नाही. दुसऱ्यात तो समोर उभा आहे. मुलांना म्हटले, आता ‘फुटणे’चे उदाहरण द्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, “सर, टायर फुटला.” शेजारचा लगेच बोलला, “पंक्चरवाल्याचा पोरगा, दुसरं काय सांगणार!” वर्ग हसला. तो मान खाली घालून बसला.

ते हसू मला लागले. मुसलमान म्हटले की पंक्चर काढणारा, हा टोमणा आता मोबाईलवरून सातवीच्या वर्गापर्यंत आला आहे. त्या पोरांना ठाऊक नव्हते की त्यांच्या सरांची बी.एड.ची फी पंक्चरच्या दुकानातूनच भरली गेली. गोरेगावबाहेर रस्त्याच्या कडेला माझ्या मामूचे दुकान होते. एक कॉम्प्रेसर, पाण्याचे टोपले, जॅक, पाना, टॉमी आणि हातोडा. हळद आणि सोयाबीन भरलेले ट्रक तिथे थांबायचे. सुट्टीत मी टायर खोलू लागायचो.

ड्रायव्हर खाली उतरून हातोड्याने टायर ठोकायचे. ‘ठण्ण’ वाजला की ठीक, ‘थप्प’ वाजला की हवा गेली. मामू हसायचे. म्हणायचे, “हथोडे से मरा हुआ टायर समजता, बीमार टायर नहीं समजता. उसकू गेज होना.” शंभराच्या जागी ऐंशी हवा असली तरी आवाज जवळपास तसाच येतो. आणि घात तोच टायर करतो.

उन्हाळ्यात बरेच ड्रायव्हर मुद्दाम हवा कमी ठेवत. ऊन आहे, हवा फुगेल, टायर फुटेल, असा हिशोब. तो उलटा आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. तार हाताने वाकवत राहिले की ती गरम होऊन तुटते ना, तसेच. आतल्या आत उष्णता साठते, रबर तारांपासून सुटू लागते आणि एक दिवस आवाज होतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची आणि कंपनीने सांगितली तेवढी भरायची. चालून तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते, पण ती सोडायची नाही. टायर थंड झाला की ती कमी पडते.

मागच्या जोडचाकांत आतला टायर कुणी वाकून बघत नाही. 2018 साली सरकारने ट्रकच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका ॲक्सलला 10.2 टनांऐवजी 11.5 टन चालू लागले. म्हणजे कायद्यात राहूनही एका टायरवर पावणेतीन टनांहून जास्त ओझे. आतला टायर बसला की शेजाऱ्यावर जवळजवळ दुप्पट. वर मालकाने दोन टन जादा भरला, तर बिचारे रबर किती सोसणार? मामू जोडचाकांत अडकलेला दगड काढायचे, नक्षी बघायचे. ती 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर नियमाने बाद. बाजूवरचे चार आकडेही वाचायला त्यांनीच शिकवले. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मामू चौथी शिकलेले. पण टायर वाचता येणारा तेवढा शिकलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

हवा बघा म्हटले की काही ड्रायव्हर आकाशाकडे बोट दाखवायचे, “अल्लाह मालिक है.” मामू म्हणायचे, मालिक तोच आहे, पण ऊंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, हेही आपल्याच रसूलने सांगितले आहे. तदबीर न करता तकदीरला दोष देणे ही त्यांच्या लेखी बेअदबी होती.

पुढे हीच गोष्ट कोर्टातही निघाली. 2010 साली पुण्याहून मुंबईला जाताना एका कारचा मागचा टायर फुटला, कार खड्ड्यात गेली आणि एक माणूस गेला. विमा कंपनी म्हणाली, टायर फुटणे ही देवाची करणी, ‘ॲक्ट ऑफ गॉड’. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. निघण्याआधी टायर बघणे चालकाचे काम आहे, नुसते ‘टायर फुटला’ म्हटल्याने जबाबदारी सुटत नाही, हे त्या निकालाचे सार. त्याच वर्षी 1 जुलैला, आमच्या बाजूच्या बुलढाणा जिल्ह्यात, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस जळून 25 जण गेले. चालकाचे पहिले सांगणे हेच, टायर फुटला. आरटीओच्या अहवालात मात्र टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. अकर्मक वाक्य किती कामाला येते बघा.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळे सांगितले. मामूंचे दुकानही सांगितले. कुणी हसले नाही. मग मी फळ्यावर लिहिले, ‘टायर फोडला.’ विचारले, कोणी? उत्तरे आली. मालकाने, जास्त माल भरला म्हणून. ड्रायव्हरने, हवा बघितली नाही म्हणून. जुना टायर नवा म्हणून विकणाऱ्याने.

मागच्या बाकावरचा तो मुलगा हळूच उठला. “सर, अब्बा सांगतात हा टायर चालणार नाही. ड्रायव्हर म्हणतो, मालक पैसे देत नाही, असाच बसव. अब्बा नाही म्हणाले तर तो पुढच्या दुकानात जातो. मग अब्बा बसवून देतात. मग फोडणारा कोण, सर?”

मला मामू आठवले. बाजूला फुगा आलेल्या टायरात हवा भरायला त्यांनी एकदा नकार दिला होता. ड्रायव्हर शिव्या देत निघून गेला. त्या ट्रकचे पुढे काय झाले, कधी कळले नाही. पण त्या रात्री इशाची नमाज झाल्यावर मामू बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले होते.

मुलाला उत्तर देता आले नाही. त्याला फळ्याजवळ बोलावले, खडू हातात दिला आणि म्हटले, टायरवरचे चार आकडे कसे वाचायचे, ते वर्गाला तू शिकव.