खाजणांतील धडा
गेल्या माघांत ओहोटीच्या वेळीं नातवासह आम्ही ऐरोलीस ठाण्याच्या खाडीकांठीं गेलों. पायवाटेच्या दोन्ही अंगांस चिखलांतून तिवरांचीं श्वासमुळें खिळ्यांप्रमाणें वर आलेलीं. दूर उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. नातवानें तिवराचें पान जिभेस लाविलें. "आजोबा, खारट!" झाड शोषलेलें मीठ पानांवाटे टाकतें, हें सांगतांना आम्ही मनांत ओशाळलों. खाजण म्हणजे निरुपयोगी जमीन, असेंच आम्हीं वर्गांत तीस वर्षें शिकविलें! हींच झाडें गाळ धरतात, लाटांचा जोर मोडतात, माशांच्या पिलांस आसरा देतात. २०१५ सालीं ही खाडी रोहित पक्ष्यांचें अभयारण्य झाली; २०२२ सालीं रामसर यादींत गेली. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचीत असल्यास त्यानें मुलांसह एकदां येथें यावें व आमचा तो धडा खोडावा.