कोरियन शिकायची, पण इंग्रजीच्या दारातूनच का?

"कोरियन शिकून काय दिवे लावणार?" हा प्रश्न आम्हाला परक्यांपेक्षा आपलीच माणसं जास्त विचारतात. आधी एमपीएससी करा, इंग्रजी सुधारा, पोरी कोरियन नाटकं बघून नादावल्यात आणि तुम्ही त्यात भर घालताय, वगैरे. नवी मुंबईतल्या आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही सात-आठ जण वर्षभर मोबाईलवरून कोरियन शिकतो आहोत. क्लास नाही, मास्तर नाही. नाटकं बघून आलेल्या मुली आहेतच, आणि त्या आमच्या पुढे आहेत.

आम्ही या भाषेकडे वळलो ते 'ह्योंगप्योंगसा' या एका शब्दामुळे. कोरियात पेकजोंग नावाचा समाज होता. जनावरं कापायची, कातडं कमवायचं, टोपल्या विणायच्या, वस्ती वेगळी. १८९४ च्या सुधारणांनी जन्मावरचे दर्जे कायद्याने मोडले, पण वागणूक तीच राहिली. एप्रिल १९२३ मध्ये जिंजू शहरात या लोकांच्या हक्कांसाठी ह्योंगप्योंगसा ही संघटना उभी राहिली. मुलांना शाळेत न घेणं हे तिच्यामागचं एक कारण. नावातच तराजू आहे: खाटकाच्या हातातला तराजू, तोच समतेचा. महाडच्या सत्याग्रहाच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्हाला ती कुणी शिकवली नव्हती. तिचे मूळ कागद कोरियनच्या कुलपात आहेत.

लिपीची कथा तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखी. राजा सेजोंगने १४४६ मध्ये हांगुल लिपी जाहीर केली, कारण चिनी अक्षरं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. दरबारी पंडितांनी विरोध केला. शहाण्याला एक सकाळ आणि मंदालाही दहा दिवस पुरतील, असा त्या लिपीच्या ग्रंथातच दावा आहे. (आम्हाला चार दिवस लागले. आम्ही मध्ये कुठेतरी बसतो.) या लिपीतल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक म्हणजे १४४७ चं बुद्धचरित्र, 'सोक्बो सांगजोल'.

आता मुद्दा. साधनं भरपूर आहेत. 'टॉक टू मी इन कोरियन'चे धडे २००९ पासून आहेत, कोर्सेरावर योन्से विद्यापीठाचा 'फर्स्ट स्टेप कोरियन' आहे, नावेरचा शब्दकोश आहे. दारात जात कुणी विचारत नाही. पण आम्हाला जे सापडलं त्यात समजावणी जवळजवळ सगळी इंग्रजीत. म्हणजे मराठी शाळेतून आलेल्या मुलीने आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडायचा, मग कोरियन. आणि हा उंबरठा इथे निव्वळ फुकाचा आहे! 'जॉनुन् हाक्क्योए गायो' हे वाक्य घ्या. मी, शाळेत, जातो: शब्दांचा क्रम आपलाच, आणि 'हाक्क्यो'ला लागलेला 'ए' म्हणजे 'शाळेत'मधला 'त'. इंग्रजीत हे उलटंपालटं करून परिच्छेदभर समजवावं लागतं. 'नुन्'वर तर इंग्रजीत पानं भरतात. आमच्यातल्या एकीने 'मी तर शाळेत जाते' असं सांगितलं आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

उच्चारांचंही तेच. चंद्र, मुलगी आणि मुखवटा या तिघांचे कोरियन शब्द इंग्रजी कानाला सारखेच वाटतात. आपल्याला मुलगीसाठी साधारण 'ताल' आणि मुखवट्यासाठी 'थाल' ऐकू येतं. घाम फुटतो तो फक्त चंद्राला, जो द आणि त यांच्या मध्ये कुठेतरी उगवतो. आम्ही हे सगळं मराठीत एका वहीत उतरवतो. वहीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, अनोळखी गावांतून शंका येतात.

एक गोष्ट मात्र कुठलंच अ‍ॅप सांगत नाही. कोरियनमध्ये समोरच्याचं वय आणि मान पाहून क्रियापदाचं शेपूट बदलतं. अ‍ॅप म्हणतं, ही सभ्यता. पण एके काळी म्हाताऱ्या पेकजोंगालाही इतरांच्या पोरासोरांशी आदरार्थी बोलावं लागे. आमच्या आजोबांना पाटलाचं पोर 'अरे' म्हणायचं आणि आजोबा 'जी' म्हणायचे. व्याकरणाच्या तक्त्यात हे लिहिलेलं नसतं, म्हणून आम्ही वहीत लिहिलं.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं गेलं, फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतः शिकून घेतलं आणि पालीचा शब्दकोश तयार केला. त्यामुळे 'ही भाषा आपल्या कामाची नाही' हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. पोटापाण्याचं म्हणाल, तर २० मार्चला महाडला जाताना ज्या माणगाव तालुक्यातून आपल्या गाड्या जातात, तिथेच विळे-भागाड एमआयडीसीत पॉस्को ही कोरियन कंपनी आहे. कोरियन सरकारच्या जीकेएस शिष्यवृत्तीत विमानभाडं, फी आणि वर्षभराचं भाषाशिक्षण मिळतं. टोपिक परीक्षेची पाचवी पातळी असेल तर ते भाषावर्षही टळतं. नोकरीची हमी आम्ही कुणाला देत नाही. क्लासवाले देतात, पैसेही तेच घेतात.

सध्या वही आदरार्थी क्रियापदांवर अडली आहे. दर रविवारी वंदनेनंतर दोन तास बसतो. पुढच्या महिन्यात ह्योंगप्योंगसाचा १९२३ चा जाहीरनामा काढणार आहोत. त्यात चिनी अक्षरं बरीच आहेत, तेव्हा ती वाचता येणारं कुणी असेल तर कळवा.