वॉशिंग्टनची सहामाही परीक्षा

परदेशवासाचीं वर्णनें आतां इतकीं झालीं आहेत कीं, माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकानें त्यांत भर घालण्याचें कारण नाहीं. शिवाय मीं जन्मभर संस्कृत शिकविलें. मैदानाशीं माझा संबंध काय तो मुलांना तेथून वर्गांत हांकून आणण्यापुरता. तरीही २०१९ सालच्या उन्हाळ्यांत वॉशिंग्टन येथें चिरंजीवांकडे राहिलों असतां तेथील क्रीडांगणावर मला जो धडा मिळाला, तो मुलांच्या आईबापांच्या कानीं घालावा, म्हणून लेखणी उचलली आहे.

माझा नातू तेव्हां दहा वर्षांचा होता. ‘नॅशनल्स’ हा त्या शहराचा बेसबॉलचा संघ म्हणजे त्याचें दैवत. क्रिकेट जाणणाऱ्यास हा खेळ समजण्यास फार वेळ लागत नाहीं. चेंडू टप्पा न घेतां फलंदाजाकडे येतो. तो गोल दांड्यानें टोलवून, चौकोनाच्या कोंपऱ्यांवरचे बेस एकामागून एक गांठून फलंदाज मूळ जागीं परतला, कीं एक धाव झाली. तीन गडी बाद झाले कीं पाळी पालटते, आणि प्रत्येक पक्षास असे नऊ डाव मिळतात. नवल वाटतें तें सामन्यांच्या संख्येचें. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत एकेका संघास १६२ सामने खेळावे लागतात, म्हणजे जवळजवळ रोज एक! दुसरें नवल असें कीं, दहा वेळां खेळून जो तीन वेळां यशस्वी टोला मारतो, तो तेथें उत्तम फलंदाज गणला जातो. आमच्या शाळेंत शेंकडा तीस म्हणजे नापास.

मे महिन्याच्या २३ तारखेस संघ न्यूयॉर्क येथें मेट्सकडून लागोपाठ चौथा सामना हरला. पन्नास सामन्यांत विजय १९, पराभव ३१. नातू खिन्न होऊन बसला होता. मीं चष्मा लावून तक्ता पाहिला आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनें निकाल देऊन टाकला, “शेंकडा अडतीस! असल्या पोरावर मेहनत फुकट आहे रे.”

तो रागावला नाहीं. “आजोबा, ते कां हरले, तें तुम्ही विचारलंच नाहीं,” एवढेंच म्हणाला, आणि मग त्यानें मला एकेक कारण उलगडून सांगितलें. पहिल्याच आठवड्यांत ट्रे टर्नर या चपळ गड्याचें बोट मोडलें. अँथनी रेंडन आणि अवघा वीस वर्षांचा हुआन सोटो हेही मधें दुखण्यानें बाहेर बसले. अखेरच्या डावांत चेंडू टाकण्यास येणारे गडी कच्चे. त्यामुळें हातीं आलेला सामना शेवटच्या घटकेस निसटे. “आतां सगळे बरे झालेत,” तो म्हणाला, “आणि अजून ११२ सामने आहेत.” मीं हंसून विषय सोडून दिला.

जुलैच्या ६ तारखेस चिरंजीवांनीं आम्हां आजानातवांचीं तिकिटें काढलीं. सूनबाईंनीं पोळीभाजी बांधून दिली. भुयारी आगगाडीनें नेव्ही यार्ड स्थानकावर उतरलों, तों समोर माणसांचा लोंढाच मैदानाकडे निघालेला. अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या कांठीं असलेलें हें क्रीडांगण २००८ सालीं उघडलें. डावीकडील प्रेक्षकांच्या मागें चेरीचीं झाडें लावलेलीं आहेत. त्या दिवशीं खेळाडूंनीं मॉन्ट्रियलच्या जुन्या संघाचा पोशाख व तिरंगी टोपी घातली होती. कारण हाच संघ पूर्वीं कॅनडांतील त्या शहराचा होता व २००५ सालीं वॉशिंग्टनला आला.

माझ्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ मांडीवर कागद घेऊन प्रत्येक चेंडूची नोंद पेन्सिलीनें करीत होते. त्यांच्या लहानपणींचा वॉशिंग्टनचा संघ १९७१ च्या हंगामानंतर टेक्सासला गेला आणि पुढें तेहतीस हंगाम हें राजधानीचें शहर संघावांचून राहिलें. हा नवा संघही २०१२, २०१४, २०१६ आणि २०१७ सालीं अंतिम स्पर्धेस पोंचून पहिल्याच फेरींत हरलेला. यंदां काय होईल, असें मीं विचारतांच ते म्हणाले, “ऑक्टोबरचें मला विचारूं नका. आज चेंडू कोण टाकतो आहे, तें विचारा.”

त्या दिवशीं चेंडू मॅक्स शर्झर टाकीत होता. जूनच्या १८ तारखेस सराव करतांना चेंडू लागून त्याचें नाक मोडलें होतें. तरी दुसऱ्याच रात्रीं, डोळा काळानिळा झालेला असतां, त्यानें सात डावांत प्रतिपक्षास एकही धाव करूं दिली नव्हती. आमच्यासमोरही त्यानें तसेंच केलें आणि कॅन्सस सिटीचा संघ सहा विरुद्ध शून्य असा हरला. चौथ्या डावाच्या सुमारास चार दिवंगत राष्ट्राध्यक्षांचे भले मोठे मुखवटे घालून माणसें धांवण्याची शर्यत लावतात. त्यांतले रूझवेल्ट २००६ पासून २०१२ पर्यंत एकदांही जिंकले नव्हते, हें नातवानें मला मुद्दाम सांगितलें. जेरार्डो पार्रा हा खेळाडू फलंदाजीस आला, कीं ‘बेबी शार्क’ हें बालगीत वाजे. त्याच्या दोन वर्षांच्या मुलीस तें आवडे म्हणून. मग हजारों प्रौढ माणसें दोन्ही हात जबड्यासारखे उघडूनमिटून टाळ्या पिटीत. मीही पिटल्या!

दुसऱ्या दिवसाचा सामना होऊन मध्यावरची सुटी लागली, तेव्हां ४७ विजय आणि ४२ पराभव झाले होते. मीं ‘नापास’ म्हटल्यानंतरच्या ३९ सामन्यांत २८ विजय! तो तक्ता पाहतांना मला एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली, आणि ती सुखाची नव्हती.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं सहामाहीच्या निकालादिवशीं मीं एका मुलाच्या बापाला भर वर्गांत सांगितलें, “याच्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं. उगाच फी भरूं नका.” बापानें माझ्या शब्दाला मान देऊन मुलाला शाळेंतून काढलें. त्या सहामाहींत त्याची आई अंथरुणास खिळली होती, घरचा स्वयंपाक तोच करी आणि म्हणून अभ्यास मागें पडला होता, हें मला शाळेच्या शिपायाकडून कळलें, तेव्हां मुलगा गांव सोडून गेला होता. मीं गुण बरोबर मोजले होते. बेरजेंत चूक नव्हती. कारण मात्र विचारलें नव्हतें. त्या मुलाचे उरलेले सामने खेळलेच गेले नाहींत. पुढें त्याचें काय झालें, हें मला आजतागायत ठाऊक नाहीं.

मी ऑगस्टमध्यें पुण्यास परतलों. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. ३१ ऑक्टोबरच्या सकाळीं पूजा आटोपते न आटोपते तोंच दूरध्वनी वाजला. तिकडे मध्यरात्र होत आली होती. ह्यूस्टन येथें अंतिम स्पर्धेचा सातवा सामना सहा विरुद्ध दोन असा जिंकून ‘नॅशनल्स’ संघ अजिंक्य ठरला होता. वॉशिंग्टनला हें यश १९२४ नंतर प्रथमच मिळालें.

“आजोबा, आतां किती गुण?” नातवानें विचारलें.

“गुण राहूं दे,” मी म्हणालों, “कसे जिंकले तें सांग.” मग सातव्या डावांत हॉवी केंड्रिकचा टोला उजवीकडच्या सीमास्तंभावर कसा आदळला, हें तो मला किती तरी वेळ सांगत राहिला.

पुढें त्या संघाचे दिवस पालटले. तो पुन्हां तळाशीं गेला. सोटोलाही २०२२ सालीं त्यांनीं सॅन डिएगोच्या संघास देऊन टाकलें. नातवास आतां मिसरूड फुटली, पण त्याची निष्ठा ढळलेली नाहीं. मध्यावर मागें पडलेला प्रत्येक जण शेवटीं जिंकतोच, असें मी म्हणत नाहीं. बहुतेक संघ मागेंच राहतात. परंतु सहामाहीचा तक्ता स्थिति सांगतो, कारण सांगत नाहीं. दिवाळीची सुटी संपली कीं घरोघरीं प्रगतिपुस्तकें येतील. त्यांवर सही करण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं मुलाला जवळ बसवून एवढेंच विचारावें, “कां रे बाळ, काय झालें?” मीं तें एकदां विचारलें नाहीं, म्हणून हें लिहिलें.