कुंथलगिरीवरील एक पावसाळी दिवस

बालाघाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाला दोन वाटा आहेत. एका उतारावरचे पाणी मांजरेतून गोदावरीला जाते. दुसऱ्या उतारावरचे सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. धाराशिव जिल्ह्याच्या याच डोंगराळ आणि एरवी अवर्षणाने गांजलेल्या भूम तालुक्यात कुंथलगिरी हे दिगंबर जैन सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनिद्वयाची ही निर्वाणभूमी.

श्रावणातल्या एका संततधारेच्या दिवशी येथील पायऱ्या चढणारा यात्रेकरू एकटाच होता. तो व्यापारी, भूमच्या पेठेत उधारीच्या वसुलीसाठी आलेला. पावसाने पेठ थंडावली, येणी उद्यावर गेली आणि एक दिवस अनपेक्षितपणे मोकळा झाला. सोबत कुटुंब नाही, संघ नाही. तेव्हा कोठे थांबावे आणि काय खावे, हे त्याचे त्यालाच ठरवायचे होते.

अनवाणी चढताना त्याची नजर शिखराकडे कमी आणि पायांखाली अधिक होती. ओल्या दगडांवर गोगलगायी, गांडुळे, वाणी यांची संथ ये-जा चालली होती. मुनिसंघ आषाढ शुक्ल चतुर्दशीपासून विहार थांबवून एका जागी का राहतात, याचे उत्तर ग्रंथात शोधावे लागत नाही; ते प्रत्येक पायरीवर दिसते. व्यापाऱ्याला व्यवहारासाठी फिरणे भाग असते. पाऊल जपून टाकणे मात्र त्याच्या हाती असते.

वर कुलभूषण-देशभूषणांच्या चरणपादुकांसमोर त्या दिवशी घाई नव्हती. विद्याभ्यास संपवून नगरीत परतलेल्या या दोघा राजपुत्रांचे मन वातायनातील एका कन्येवर जडले. ती आपलीच भगिनी आहे हे कळताच ते लज्जित झाले आणि विरक्तीकडे वळले. पुढे ते ध्यानस्थ असता त्यांच्यावर घोर उपसर्ग झाला. राम-लक्ष्मणांनी तो दूर केला आणि दोघांना केवलज्ञान प्राप्त झाले, असे रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात वर्णिले आहे. या कथेचा आरंभ पाहण्यातल्या चुकीपासून होतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पाहण्याचाच प्रश्न याच टेकडीवर 1955 साली पुन्हा उभा राहिला. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज तेव्हा 83 वर्षांचे होते. दृष्टी क्षीण झाली होती. मार्गावरचा आणि आहारातला जीव दिसेनासा झाला, तर मुनिव्रत निर्दोष कसे राहणार? महाराजांनी व्रत सैल केले नाही. 14 ऑगस्टला सल्लेखना स्वीकारली. उपोषण चालू असतानाच, 8 सप्टेंबरला, त्यांनी मराठीत दिलेला अंतिम उपदेश ध्वनिमुद्रित झाला. 18 सप्टेंबरला, भाद्रपद शुक्ल द्वितीयेला, त्यांचे समाधिमरण झाले. ते चातुर्मासाचेच दिवस होते.

दुपारी भोजनशाळेत यात्रेकरूच्या ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि शेंगदाण्याची चटणी आली. कांदा-लसूण नाही, चातुर्मासामुळे पालेभाजी नाही, पाणी गाळलेले. धान्याच्या व्यापारात वय गेलेल्या माणसालाही येथे पिठाचे गणित नव्याने आठवते: त्याची मर्यादा हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात केवळ 3. दमट हवेत जीवोत्पत्ती लवकर होते, हा त्यामागचा साधा हिशेब.

परतीच्या वाटेवर सरमकुंडी फाट्याला पेढ्यांची दुकाने लागतात. कोरडवाहू शेतीला या भागात दुधाने आधार दिला. दूरच्या गावांतून दूध ताजे पोहोचवणे कठीण, म्हणून ते भट्टीवर आटवून खवा करण्याचा धंदा येथे रुजला. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. यात्रेकरूने खवा केव्हाचा, हे विचारून घरासाठी पेढे बांधून घेतले.

एस.टी. उशिरा येणार होती. आभाळ इतके भरले होते की सूर्य दुपारपासूनच दिसला नव्हता. पावणेसातच्या सुमारास तो मावळल्याचे घड्याळानेच सांगितले. शेजारच्या टपरीवर गरम भजी तळली जात होती. भूक लागली होती आणि ओळखीचे कोणीही नव्हते. लंडनला व्यापारासाठी गेलेल्या तरुणांनाही हाच प्रसंग येतो. तेथे डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो, तर जूनमध्ये रात्री नऊनंतर. घड्याळ तेच, सूर्य वेगळा. आणि ताटावर लक्ष ठेवायला घरचे कोणी नाही.

तेवढ्यात टपरीचा दिवा लागला. क्षणात पतंगांचे आणि पाखरांचे मोहोळ त्याभोवती जमले. काही कढईत पडले, काही परातीतल्या पिठात. दिव्याखाली होते म्हणून ते दिसले. अंधारात तेही दिसले नसते. ज्या महाराजांनी दिसेनासे झाले म्हणून अन्नच सोडले, त्यांच्या टेकडीची आकृती समोर काळोखात विरत होती. यात्रेकरूने चौविहाराचा नियम धरला.

गाडी आली. पेढ्यांचा पुडा न सोडता तो आत जाऊन बसला.