त्यानंतर लागणारं गाणं

विकतची कॅसेट पाहुणे आल्यावर लावायची आणि भरून आणलेली घरच्यांनी ऐकायची, असा आमच्या पिढीतल्या पुष्कळ घरांत न लिहिलेला नियम होता. विकतच्या कॅसेटला छापील कव्हर असे, एका सिनेमाची सगळी गाणी असत आणि त्यातली दोनच धड असत. भरून आणलेली कॅसेट दिसायला गरीब, पण तिच्यात नकोसं गाणं नसे. निदान नसावं अशी अपेक्षा असे. वहीचं पान फाडून केलेली यादी आणि कोरी कॅसेट पेठेतल्या दुकानात नेऊन द्यायची. ऐपत असेल तर सोनी किंवा टीडीके, नसेल तर मेल्ट्रॅक. काउंटरमागचा दादा मान वर न करता सांगायचा, "परवा या." परवा जावं तर यादीतली काही गाणी त्याच्याकडे नसायची आणि त्या जागी त्यानं आपल्या मनानं दुसरीच घातलेली असायची. आमच्या आवडीनिवडीत या दादालोकांचा वाटा केवढा आहे, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. मला हेमंतकुमार आवडतात ते अशाच एकामुळे. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्या, घरी कॅसेटी भरल्यानं संगीत मरतंय, अशी मोहीम चालवत होत्या. आमच्या पेठेत ती बातमी पोचली नाही.

पुढे दोन कॅसेटींचे डेक घरोघर आले आणि दुकानदाराची गरज संपली. नव्वदच्या दशकात आम्हाला मुलं झाली. मुलांसाठी कॅसेट भरायची असते हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, तरी माझ्या भावानं, नणंदेनं, समोरच्या फ्लॅटमधल्या जोडप्यानं, सगळ्यांनी तेच केलं. सुरुवात शहाण्यासारखी व्हायची. आधी बालगीतं. 'देवबाप्पा'तलं मोराचं गाणं, म्हणजे गदिमांचे शब्द, पुलंची चाल आणि आशाबाईंचा आवाज. मग काऊ, चिऊ, ससोबा. पण सकाळ-संध्याकाळ मोरच नाचायला लागला की मोठ्यांचा धीर सुटतो. मग 'हेही तसं लहान मुलांचंच आहे' अशी स्वतःची समजूत घालून मध्येच आपल्या कॉलेजातलं एखादं गाणं घुसवलं जायचं. वर्षभरात कॅसेटवर मोर तेवढा एकटा उरायचा.

आमच्याकडे वाटणी सरळ होती. साइड ए बाबांची, साइड बी आईची. बाबा म्हापशाचे, त्यामुळे त्यांच्या बाजूला हिंदीइतकीच कोकणी आणि इंग्रजी गाणी. लोर्नाचा आवाज, ख्रिस पेरीची ट्रम्पेट, आणि रेमो. रेमो फर्नांडिसनं १९८४ मध्ये शिवोलीच्या आपल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून आणि सगळे आवाज स्वतः काढून 'गोवन क्रेझी' तयार केली होती. मोठ्या कंपन्या दारात उभं करीनात, तेव्हा स्कूटरवर कॅसेटी घालून तो दुकानादुकानांत पोचवत फिरला. ही हकिकत नवरा दर वेळी मुलांना सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "बघा, तोही घरीच भरायचा." मुलांना त्यात विशेष काही वाटायचं नाही. गाणी घरीच भरतात, दुसरीकडे कुठे भरणार?

माझी बाजू सुरू व्हायची नाझिया हसनपासून. १९८० साली 'कुर्बानी'तलं तिचं गाणं आलं तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. लंडनमध्ये वाढलेल्या त्या पाकिस्तानी मुलीचा नाकातला आवाज ऐकून आमच्या गाण्याच्या क्लासच्या बाई म्हणाल्या होत्या, "हिला आधी सुंठीचा काढा द्या." आम्ही मुली मात्र खुळ्या झालो होतो, कारण लताबाई-आशाबाईंच्या जवळपास जायचं स्वप्नही आम्हाला पडलं नसतं, पण असं गाता येईल असं वाटायचं. पुढच्या वर्षी 'डिस्को दीवाने' आली. या दोन्हींमागे बंगळुरूचा बिद्दू. त्यानंच १९७४ मध्ये इंग्लंडात कार्ल डग्लसकडून 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतलं होतं आणि पुढे १९९५ मध्ये अलिशा चिनॉयची 'मेड इन इंडिया' केली. माझ्या बाजूचं शेवटचं गाणं अलिशाचं होतं. म्हणजे बाजूच्या दोन्ही टोकांना एकच माणूस उभा होता, आणि हे भरताना माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ऑगस्ट २००० मध्ये पस्तिसाव्या वर्षी नाझिया कर्करोगानं गेली. पेपरातला फोटो पाहून लेकीनं विचारलं, "आता साइड बी कोण म्हणणार?"

बोनी एम मात्र दोन्ही बाजूंना. त्याबद्दल आमच्यात वाद नव्हता. मराठी माध्यमातल्या आमच्या पिढीला इंग्रजी गाणं म्हणजे काय ते गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यानं शिकवलं. आरती झाली की बोनी एम लागायचं. शब्द एकही कळत नसे, जिभेला जमेल ते म्हणायचं. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'वर आमच्या सोसायटीत लेझीमही खेळून झाली आहे. ते गाणं मुळात जमैकातल्या मेलोडियन्सचं, १९७० चं, आणि बायबलातल्या १३७ व्या स्तोत्रावर बेतलेलं, म्हणजे परमुलखात कैद होऊन पडलेल्या लोकांचा विलाप, हे मला लेकीनं आठवीत असताना इंटरनेटवरून शोधून सांगितलं. मग तिला चटकच लागली. बोनी एममधला तो नाचणारा बॉबी फॅरल रेकॉर्डवर गातच नव्हता, तो आवाज निर्माता फ्रँक फरियानचा होता, हेही तिनंच सांगितलं. २०१० च्या ३० डिसेंबरला फॅरल वारला तेव्हा तर तिचा फोनच आला. 'रासपुतिन' गाण्यावर जन्मभर नाचलेला माणूस सेंट पीटर्सबर्गमध्येच गेला आणि खरा रासपुतिनही त्याच शहरात, १९१६ च्या ३० डिसेंबरला मारला गेला होता. आम्ही मुलांना नुसती गाणी दिली, माहिती मुलांकडून उलटी आली. व्यवहारात आम्हीच फायद्यात राहिलो.

कॅसेट भरणं हे कौशल्याचं काम होतं, हे आता सांगूनही कुणाला पटत नाही. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. जुनी सिनेमाची गाणी तीन-सव्वातीन मिनिटांची, कारण ती अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीच्या एका बाजूवर मावायला हवी असत. ती तेरा बसायची. डिस्कोच्या जमान्यातली पाच-सहा मिनिटांची असली की आठ-नऊवर बाजू संपायची. शेवटी दोन-अडीच मिनिटं उरत आणि तिथेच खरा कस लागे. तेवढ्या मापाची छोटी गाणी आम्हाला पाठ असत. आवड म्हणून नव्हे, जागा भरायला. माझ्या मुलाचं सर्वांत लाडकं गाणं असं निव्वळ उरलेल्या जागेत बसलेलं आहे. सुरुवातीची कोरी पट्टी पेन्सिलीनं फिरवून घ्यायची, नाही तर पहिल्या गाण्याचा पहिला शब्द गिळला जातो. प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबायचं, पॉजवर बोट तयार ठेवायचं. एकाच आवाजाची दोन गाणी लागोपाठ घ्यायची नाहीत. उदास गाण्यानंतर लगेच उडतं घेतलं तर उदास गाण्याचा अपमान होतो, मध्ये एक बेताचं हवं. सगळं मनासारखं झालं की वरच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या दोन टिकल्या स्क्रू-ड्रायव्हरनं मोडायच्या, म्हणजे कुणी त्यावर दुसरं काही भरू शकत नाही. अर्थात मुलं त्या भोकांवर सेलोटेप लावून स्वतःचं क्रिकेट समालोचन भरायचीच.

गाळलेल्या गाण्यांबद्दलही बोललं पाहिजे. १९९३ च्या 'खलनायक'मधलं ते गाजलेलं गाणं घरात येऊ द्यायचं नाही, यावर आम्हा दोघांचं एकमत होतं. चिरंजीव ते बालवाडीच्या बसमधून शिकून आले.

काही गाणी रेडिओवरून घेतलेली होती, टू-इन-वन नसलेल्या काळात रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून. ती जशीच्या तशी मुलांच्या कॅसेटवर उतरली. त्यामुळे किशोरकुमारच्या एका गाण्याच्या मधल्या तुकड्यात माझ्या माहेरच्या कुकरची शिट्टी आहे, आणि दुसऱ्या एकाच्या तोंडाला विविध भारतीचे निवेदक झुमरीतिलैयाच्या श्रोत्यांची नावं घेतायत. मुलं ती नावंही चालीत म्हणायची. शिवाय पातळ फितीचा एक गुण असतो. गुंडाळलेल्या फितीचा एक थर शेजारच्या थरावर हलकासा उमटतो आणि गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी तेच गाणं अगदी बारीक, लांबून आल्यासारखं ऐकू येतं. हा दोष आहे, तंत्रज्ञ लोक त्याला नावं ठेवतात. लेकीला वाटे की गायिका आधी आतल्या खोलीत म्हणून बघते आणि मग बाहेर येते.

या कॅसेटींचं खरं कार्यक्षेत्र मारुती ८००. बाजारातून बसवून घेतलेला स्टिरिओ, मागच्या सीटवर दोन मुलं, प्लॅस्टिकची पिशवी आणि आवळासुपारी. म्हापशाला जाताना आंबोली घाट लागायचा, महाडकडे नणंदेच्या घरी निघालं की वरंध. घाटात मुलांना पोटात ढवळायला लागलं की गाणं मोठ्यानं म्हणायला लावायचं, हा आमच्याकडचा उपाय होता. त्याला वैद्यकीय आधार असेल-नसेल. परिणाम एवढाच झाला की आमच्या मुलाला आजही उषा उथुप लागली की आधी लिंबू आठवतं.

आपण मुलांना गाणी देतोय, असं आम्ही समजत होतो. मुलांनी घेतला तो क्रम. गाणी काय, कुठेही मिळतात. पण अमुक गाण्याचा शेवटचा सूर विरला की त्यानंतर तमुकच लागणार, ही जी खात्री असते ती फक्त त्या एका कॅसेटची असते. रिक्षात, हॉटेलात, कुणाच्या लग्नात यातलं एखादं गाणं लागतं, संपतं, आणि डोक्यात आपोआप पुढचं सुरू होतं. बाहेर भलतंच काहीतरी लागलेलं असतं. एकदा पुण्यातल्या एका लग्नात मी हे प्रत्यक्ष पाहिलं. बँडवाल्यांनी बोनी एम संपवलं आणि हॉलच्या दोन टोकांना उभे असलेले माझे दोघे नेमक्या त्याच क्षणी रेमो गुणगुणायला लागले. आजूबाजूच्या शे-दोनशे माणसांना त्यात काही विचित्र घडलं हे कळायचं कारण नव्हतं. रक्ताच्या नात्याचा याहून पक्का पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळेल असं मला वाटत नाही. क्रम ठरवणारे आम्ही, आणि ठरवताना मनात काय होतं म्हणाल तर उरलेली मिनिटं.

कॅसेटी मागे पडल्या. मध्ये काही वर्षं सीडी जाळायची हौस झाली. ऐंशी मिनिटांची एक अखंड बाजू, उलटायची भानगड नाही, म्हणजे आईची कुठली आणि बाबांची कुठली हा भेदच मिटला. मग एमपीथ्रीच्या सीडीवर दीडशे गाणी, मग पेनड्राइव्हवर हजार. हजार गाणी कुणी निवडत नाही, ती ओततात. आणि त्या यंत्रांवर एक बटण आलं, गाणी पिसून लावणारं. लोक पायरसीला बोल लावतात, फुकट डाउनलोडला लावतात. माझा राग त्या बटणावर आहे.

जुन्या कॅसेटींतल्या बऱ्याच पावसाळ्यांत बुरशी लागून गेल्या. पांढरी बुरशी फितीच्या कडेला धरते आणि हेडला लागून चांगल्या कॅसेटींनाही बाधते, म्हणून नवऱ्यानं मन घट्ट करून त्या टाकल्या. कव्हरवरची कागदं तेवढी ठेवली. दोन वर्षांपूर्वी मुलांनी त्या कागदांवरून फोनवर याद्या केल्या, साइड ए वेगळी, साइड बी वेगळी, क्रम तोच. गझला मात्र सगळ्या वगळल्या. आम्हाला फार खोल वाटलेल्या, अंधार करून ऐकलेल्या गझला. "त्या लागल्या की आम्ही झोपायचो," मुलगा म्हणाला. बरं झालं सांगितलंस, म्हटलं.

रात्री जेवणं झाल्यावर यादी लावली. साइड ए सुरळीत गेली. साइड बीच्या शेवटी अलिशा. आमच्या कॅसेटवर पंचेचाळीस मिनिटं तिथे संपायची आणि गाणं अर्ध्यातच खट्‌कन तुटायचं. फोनवर ते पुढे चालूच राहिलं. लेकीनं हातातली भांडी ठेवून मान वर केली.

"हे काय? हे एवढंच आहे ना?"

"नाही गं, पूर्ण गाणं असंच आहे. आपली फीत संपायची."

"मग आधी का नाही सांगितलंस?" असं म्हणून तिनं फोन उचलला आणि नेमक्या जागी बंद केला.